बंद गावावरचं तिसरं व्याख्यान

९ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. दिवसभर घरात बसून काय करतेस, असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतं. काल घराबाहेर पडले, हेच उत्तर.

यांनी सप्टेंबरात, म्हणजे जाण्याच्या महिनाभर आधी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेची दोन तिकिटं काढून ठेवली होती. 'ब्रिटन आणि युरोप: सहा शनिवार.' दर पंधरवड्याला एक व्याख्यान, त्या त्या विषयातल्या जाणकाराचं. मला बोलले नव्हते. त्यांच्या चष्म्याच्या घरात तिकिटं सापडली. एक वाया गेलंच होतं, दुसरं तरी कशाला घालवा म्हणून गेले.

सभागृह वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. लोखंडी खुर्च्या, पाठीवर रंगवलेले नंबर. आमचे एकतीस आणि बत्तीस. बत्तीसवर पर्स ठेवली. एका गृहस्थांनी विचारलं, "इथे कुणी आहे का?" मी म्हटलं, "होतं." ते पुढे जाऊन बसले.

पहिलं व्याख्यान रोमन लोकांनी ब्रिटनमध्ये बांधलेल्या रस्त्यांवर. बोलणाऱ्या बाई उत्खनन करणाऱ्या, हातांना घट्टे. त्या म्हणाल्या की हे रस्ते सरळ असतात असं आपण म्हणतो, पण सरळ असतो तो एका टेकडीपासून दुसऱ्या टेकडीपर्यंतचा तुकडा. वळायचं ते टेकडीवर पोचून, पुढचं दिसल्यावर. मला ते लगेच कळलं. मुलींना शिवणात आखणी शिकवताना मी हेच सांगायचे, टाचणीपासून टाचणीपर्यंत बघा. सभागृहात बाकी सगळे वह्या घेऊन आले होते. मी काही लिहून घेतलं नाही.

पुढच्या वेळी जाईन असं वाटतं.

तुमची
वहिनी

१६ जानेवारी

प्रिय वहिनी,

गेलीस हे फार चांगलं केलंस. रोमन रस्त्यांचं वाचून करमणूक झाली. आमच्या गल्लीतला खड्डा त्याच काळातला असावा, कुणी हात लावत नाही.

मी फोन का करत नाही म्हणून तू रागावतेस. अगं, चौतीस वर्षं टेलिफोन ऑफिसात कानाला यंत्र लावून बसले. लोकांची भांडणं, लग्नं, मयतं सगळी माझ्या कानावरून गेली. आता फोन वाजला की मी संडासात जाऊन बसते. पत्र बरं. पत्र मधेच 'हॅलो हॅलो' करत नाही.

दादाने तिकिटं काढून ठेवली असतील यात नवल नाही. लहानपणी त्याने मला अख्खं स्पॅनिश आरमार करून दाखवलं होतं, आईच्या कपबश्यांचं. इंग्रजांचं आरमार म्हणजे वाट्या. वादळ म्हणजे मी, टेबल हलवायचं. तीन बश्या फुटल्या आणि मार मला बसला, कारण इतिहासाप्रमाणे जहाजं वादळानेच बुडाली होती.

पुढचे वक्ते कोण कोण आहेत, कळव सवडीने.

तुझी
नणंद

६ फेब्रुवारी

वन्सं,

दुसरं व्याख्यान बरं झालं. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याची कथा एका लांबच लांब कापडी पट्टीवर आहे, सत्तर मीटरच्या आसपास. जगभर तिला विणलेला पडदा म्हणतात. व्याख्याते म्हणाले की ते विणकाम नव्हे, भरतकाम आहे. भिंतीवर दाखवलेला फोटो बघून मी ते त्यांच्या आधीच शेजारणीला सांगितलं होतं. लोकर आडवी अंथरून वरून टाके घातलेत, कुणालाही दिसेल.

आता कालचं लिहिते. कालचे वक्ते विद्यापीठातले मोठे प्राध्यापक. या मालेचे अध्यक्ष तेच, शेवटचं व्याख्यानही त्यांचंच आहे. विषय: इंग्लंडमधलं ईम नावाचं खेडं आणि सोळाशे पासष्टची प्लेगची साथ.

विषय ऐकूनच मी सावरून बसले. यांनी याच खेड्यावर किती वर्षं घालवली ते तुम्हाला सांगायला नको. लंडनहून शिंप्याकडे आलेला ओलसर कापडाचा गठ्ठा, तो शेकोटीपुढे वाळत घातला तेव्हा त्यातून सुटलेल्या पिसवा, मग एकामागून एक माणसं जाणं, आणि साथ बाहेर पसरू नये म्हणून गावाने आपल्या सीमा आपणच बंद करून घेणं. ही कथा मी स्वयंपाक करता करता शंभरदा ऐकली आहे.

प्राध्यापक म्हणाले, गावाने त्याग केला असं सगळे म्हणतात. पण गावाने म्हणजे कुणी? ठरवलं दोन धर्मगुरूंनी. त्यातल्या एकाने स्वतःची मुलं आधीच बाहेरगावी पाठवली होती. बाकीच्यांना कुणी विचारलं होतं का? मग म्हणाले, "वर्गात एका मुलाच्या हातून शाई सांडावी, आणि मास्तरांनी दाराला कडी घालून सगळ्या वर्गाला सांगावं की आता तुम्ही शूर आहात."

वन्सं, हे वाक्य यांचं आहे. शब्दन् शब्द. विद्यापीठातला माणूस वर्गाला कडी घालत नाही, ते शाळामास्तराला सुचतं. लोक हसले. टाळ्याही पडल्या. यांचं नाव कुठे आलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी यांनी आपला निबंध ज्यांना अभिप्रायासाठी पाठवला होता, ते हेच प्राध्यापक. तुम्हाला आठवत असेल. मे महिन्याच्या सुट्टीत सासूबाईंपाशी, तुमच्याकडेच होते तेव्हा.

वहिनी

१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र वाचलं. तुला वाईट वाटणं साहजिक आहे. पण एक विचार कर. दोन माणसांना एकच उपमा सुचू शकते. आणि इतक्या वर्षांनी तुला तरी शब्दन् शब्द कसा आठवणार? दुःखात माणसाला सगळीकडे आपलंच माणूस ऐकू येतं. आई गेल्यावर मला कितीतरी दिवस बाहेरच्या नळाच्या आवाजात तिची हाक यायची.

दादा आता नाही. त्याच्या नावावरून चारचौघांत वाद झालेला त्यालाही आवडला नसता. बाकीची तीन व्याख्यानं ऐक किंवा नको ऐकूस. इकडे ये थोडे दिवस.

मला सर्दी आहे. बाकी ठीक.

तुझी
नणंद

२० फेब्रुवारी

वन्सं,

निबंधाची कार्बनची प्रत माळ्यावरून खाली काढली. एकशे बेचाळीस पानं, यांचं अक्षर, निळं पुसट. शाईचं वाक्य पान अठ्ठ्याण्णववर आहे. आठवणीचा प्रश्न मिटला.

आणखी चार जागा सापडल्या. यांची मांडणी, यांचेच प्रश्न, त्याच क्रमाने.

काल चौथं व्याख्यान होतं, फ्रान्सच्या राज्यक्रांतीत पावासाठी राजवाड्यावर चालत गेलेल्या बायकांचं. चांगलं असावं. माझं लक्ष नव्हतं. प्राध्यापक पहिल्या रांगेत बसले होते. मानेमागे केस वाढलेत, कॉलर झिजलेली. चोर म्हणून पाहिलं तर चोर वाटत नाहीत, पण मी आजवर चोर पाहिलाच कुठे आहे.

तुम्ही म्हणता वाद नको. मला वादाची हौस नाही. पण त्या वर्षी काय झालं ते तुम्ही पाहिलेलं नाही. उत्तर आलं की तुम्ही इकडे धाडाल म्हणून हे टपालाची वाट बघत. शाळेतून आले की आधी पेटी उघडत, मग चपला काढत. पावसाळा संपला तेव्हा म्हणाले, "उत्तर नाही हेही उत्तरच." एवढंच. त्यानंतर यांनी एक ओळ लिहिली नाही. एकवीस वर्षांचं काम फडक्यात बांधलं. आपलं लिखाण उत्तराच्याही लायकीचं नाही असं समजून हा माणूस जगला आणि तसाच गेला. आणि ज्याने उत्तर दिलं नाही तो ते भर सभेत वाचतो.

एकोणीस मार्चला शेवटचं व्याख्यान आहे. शेवटी प्रश्न घेतात. मी उभी राहणार आहे.

त्याआधी एकच खात्री करायची आहे. निबंध तुमच्याकडून गेला, परतीचा पत्ता तुमचा होता. तुमच्याकडे कधी काही उत्तर आलं होतं का? पोच, कार्ड, काहीही?

वहिनी

२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र-बित्र काही आलं नव्हतं. आलं असतं तर दादाला दिलं नसतं का?

उभी राहू नकोस, एवढं ऐक. मोठ्या माणसांशी वाकडं घेऊन आपल्या हाती काय लागणार?

तुझी
नणंद

६ मार्च

वन्सं,

ठीक आहे. म्हणजे माझं म्हणणं पक्कं झालं.

तुम्हाला घराण्याच्या नावाची काळजी आहे, ती मी समजू शकते. पण यांचं नाव यांचंही आहे.

काल पाचव्या व्याख्यानाच्या वेळी वाचनालयाच्या चिटणिसांना सांगून आले की पहिला प्रश्न माझा. काय विचारणार, ते मी चार ओळींत लिहून काढलं आहे. शेवटच्या ओळीत 'चोरी' हा शब्द आहे. तो ठेवायचा की काढायचा हे ठरत नव्हतं. ठेवला.

वहिनी

१७ मार्च

वहिनी,

हे पत्र शनिवारच्या आत पोचावं म्हणून मुख्य पोस्टात जाऊन टाकते आहे. सकाळी फोनही उचलला होता. तुझा नंबर फिरवला, तुझा आवाज आला, तू दोनदा "कोण बोलतंय" म्हणालीस, आणि मी ठेवून दिला. माझ्या तोंडून बोलणं होत नाही, लिहिणं होतं.

उत्तर आलं होतं. दोन उत्तरं आली होती.

पहिलं जूनच्या शेवटी आलं, दादा सुट्टी संपवून परत गेल्यावर. विद्यापीठाचं पाकीट होतं. मी उघडलं. त्यात असं होतं की आपण विचारलेला प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता, दोन वर्षं विद्यापीठात या, राहायची सोय आणि वेतन मिळेल, हे काम पुरं करा. दिवाळखोर माणसाला लॉटरी लागावी तसं पत्र.

तेव्हा आईची डावी बाजू गेलेली होती. दादा दर शनिवारी दुपारच्या गाडीने यायचा, रविवारी संध्याकाळी जायचा. तेवढा दीड दिवस तो आईचं सगळं करायचा, आणि तेवढा दीड दिवस मी माणूस असायचे. केस धुवायचे, बाजारात जायचे, कुणाशी न बोलता बागेत बसायचे. ते विद्यापीठ एका दिवसात येऊन जाण्यासारखं नव्हतं. दादा गेला असता. नाही, आधी मला विचारलं असतं, आणि मी 'जा' म्हटलं असतं. तेच मला नको होतं. तो निघून जाण्यापेक्षा आपल्याला तोंडभर हसून 'जा' म्हणावं लागेल, याची मला भीती वाटली.

म्हटलं, पुढच्या आठवड्यात देऊ. तो दर शनिवारी चपला काढता काढता विचारायचा, "काही टपाल?" मी म्हणायचे, नाही. सप्टेंबरात दुसरं पत्र आलं, आपण विचार केला का म्हणून. तेही ठेवलं. पुढे त्याने विचारणं सोडलं.

आई त्यानंतर चौदा महिन्यांनी गेली. मग सांगायला अडचण नव्हती, पण सांगायचं काय? जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती. चौतीस वर्षांत मी कुणाचं बोलणं मधे तोडलं नाही, असं अभिमानाने सांगत फिरते. एक तोडलं.

त्या माणसाने उत्तर दिलं होतं, वहिनी. त्याला चोर म्हणू नकोस. दोन्ही पत्रं माझ्याकडे आहेत. तू म्हणशील तशी पाठवते.

नणंद

२० मार्च

वन्सं,

काल जे झालं ते क्रमाने लिहिते.

व्याख्यान 'कागदपत्रांत नसलेली माणसं' या विषयावर होतं. ते संपल्यावर चिटणिसांनी माझ्याकडे बोट केलं. मी उभी राहिले. कागद हातात होता, पण अक्षरं दिसेनात, म्हणून तोंडीच बोलले. म्हटलं, "तिसऱ्या व्याख्यानात तुम्ही जे बोललात ते माझ्या नवऱ्याने लिहिलेलं आहे. शाईचं वाक्य अठ्ठ्याण्णव पानावर आहे. ही चोरी आहे."

खालच्या रस्त्यावरचा भंगारवाला वरपर्यंत ऐकू आला.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. मग त्यांनी यांचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, शाळेसकट. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको. ते ऑक्टोबरात गेले."

ते खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. चिटणीस माझ्या दिशेने निघाले होते, त्यांना हाताने थांबवलं. म्हणाले, "नाव त्या दिवशी घ्यायला हवं होतं. बोलण्याच्या ओघात राहिलं. ती चूक माझी. पण लपवलेलं नाही." त्यांनी पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढलं, ईमवरचं, चार वर्षांपूर्वीचं. पहिल्या पानावर यांचं नाव छापलेलं आहे आणि खाली लिहिलंय की या पुस्तकातला मुख्य प्रश्न त्यांचा आहे. पुस्तक आमच्या वाचनालयात नाही. असतं तर यांना दिसलं असतं, हे कितीदा त्या कपाटापुढे उभे असत.

मग ते म्हणाले, "मी त्यांना दोन पत्रं पाठवली. बोलावलं होतं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, या गृहस्थांना आमच्याशी संबंध ठेवायचा नसेल."

मी खाली बसले. माफी मागायची होती, ती लोक पांगल्यावर मागितली. त्यांनी घेतली नाही, म्हणाले कशाबद्दल. पत्ता कुठला होता, असं मी विचारलं. त्यांनी डायरीतून एका चिठ्ठीवर उतरवून दिला. ती चिठ्ठी सोबत जोडली आहे. घर नंबर तुमचा आहे.

मी काही विचारत नाही. सत्तावीस फेब्रुवारीचं तुमचं पत्र समोर आहे.

वहिनी

१४ एप्रिल

वन्सं,

तुमचं सतरा तारखेचं पत्र मला सोमवारी, एकवीसला मिळालं. माझं तुमच्या वाटेवर होतं. त्यानंतर तुमचं पाकीटही मिळालं, आतली दोन्ही पत्रं वाचली. तुम्ही आणखी तीन पत्रं पाठवलीत. उत्तर लिहायला बसले की पहिल्या ओळीनंतर उठत होते, म्हणून उशीर.

तुमचं पत्र दोन दिवस आधी आलं असतं तर मी उभी राहिले नसते. मग दीडशे लोकांसमोर यांचं नाव कुणी घेतलं नसतं. तेव्हा उशीर झाला ते बरंच झालं.

मागच्या रविवारी प्राध्यापक घरी आले. निबंध विद्यापीठातर्फे छापायचा म्हणतात, यांच्या नावाने, आहे तसा. त्यांनी कार्बनची प्रत नेली. निघताना दारात थांबले आणि विचारलं की माझी दोन्ही पत्रं कशी काय पोचली नाहीत? मी म्हटलं, "टपालात गहाळ झाली असतील. त्या भागातलं टपाल बेभरवशाचं आहे." त्यांनी मान हलवली.

हे मी तुमच्यासाठी केलं असं समजू नका. मला राग आला आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. तुम्ही थकला होतात हे मला पटतं. दर शनिवारी "नाही" म्हणत राहिलात हे पटत नाही.

पण तुम्ही सगळं लिहिलंत, तर मीही लिहिते.

लग्नानंतर एकोणीस वर्षं मी यांची पाठ पाहिली. टेबलाकडे तोंड, माझ्याकडे पाठ. मी काही विचारलं की "हं" म्हणायचे, आणि ते ईममधल्या कुणालातरी म्हटल्यासारखं असायचं. मी तक्रार केली नाही. दारू पीत नव्हते, जुगार खेळत नव्हते, साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांपाशी बसायचे, त्याची तक्रार कुणाकडे करायची?

त्या वर्षी पावसाळा संपला आणि एका संध्याकाळी म्हणाले, "चल, जरा पाय मोकळे करून येऊ." तेव्हापासून, इथे असले की रोज. पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. अकरा वर्षं. मी काय म्हणते ते ऐकायचे. मला गंमत सांगायचे. टाकीपाशी बाकावर बसलो की माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घ्यायचे. पन्नाशी उलटल्यावर मला नवरा मिळाला, वन्सं. मैत्रिणी विचारायच्या, काय जादू केलीस? मी म्हणायचे, वयाने शहाणे झाले. ते खचले होते, हे मला दिसत होतं. दिसत असून मी ते शहाणपणाच्या खात्यात घातलं.

गठ्ठा बांधला त्या दिवशी तो यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "नजरेआड ठेव." मी "थांबा, आणखी एकदा लिहून विचारा" असं म्हणू शकले असते. माझ्या ओठांवर होतं. मी स्टूल घेतलं, चढले, गठ्ठा माळ्यावर अगदी मागे सरकवला, आणि खाली उतरल्यावर मला बरं वाटलं.

ते दुसरं पत्र तुमच्याऐवजी माझ्या हाती पडलं असतं तर मी काय केलं असतं, हे मी तीन आठवडे स्वतःला विचारते आहे. उत्तर येतं. इथे लिहवत नाही.

मे महिन्यात निबंधाची मुद्रितं तपासायला येतील, सोबत कार्बनची प्रतही परत येईल. बारीक टाइप माझ्या डोळ्यांना झेपत नाही, आणि यांचं पुसट अक्षर कुठे अडलं तर ते तुमच्याइतकं कुणाला लागत नाही. तेव्हा तुम्ही या. तुम्ही मोठ्याने वाचा, मी कार्बनशी ताडून बघते. आठ-दहा दिवस लागतील. गप्पा होतील असं समजून येऊ नका.

गाडीची वेळ कळवा. न्यायला येईन.

वहिनी